हॅम्बर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसचे तिकीट नवख्या माणसाने कसे मिळवावे?

इसारकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

नोकरीनिमित्त मी म्युनिकमध्ये राहतो आणि एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. केऑस कम्प्युटर क्लब ही जर्मनीतील हॅकरांची संघटना दरवर्षी नाताळानंतर, २७ ते ३० डिसेंबर या चार दिवसांत, जे केऑस कम्युनिकेशन काँग्रेस नावाचे संमेलन भरवते, तिथली व्याख्याने मी महाविद्यालयात असल्यापासून इंटरनेटवर पाहत आलो आहे. यंदा हॅम्बर्गला प्रत्यक्ष जावे असा विचार आहे. मात्र कार्यालयातील जर्मन सहकाऱ्यांना विचारले की प्रत्येक जण निराळेच काहीतरी सांगतो. एकाच्या मते खुल्या विक्रीत तिकिटे काही मिनिटांत संपतात, त्यामुळे तिच्या भरवशावर राहणे व्यर्थ आहे. दुसरा म्हणतो की ‘कोणाकडून तरी व्हाउचर मिळव’, पण तो ‘कोणी’ म्हणजे नेमका कोण, हे सांगत नाही.

माझी मुख्य शंका अशी आहे. क्लबच्या वर्तुळात माझी कोणाशीही ओळख नाही. अशा बाहेरच्या माणसाने व्हाउचर मागणे रीतीला धरून आहे का, की ही सरळसरळ वशिल्याची वाट आहे? तसे असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही. खुल्या विक्रीत नशीब आजमावून पाहीन. पण मग त्या विक्रीत नेमके काय घडते आणि तयारी काय ठेवावी, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया सांगावे. शिवाय माझा मावसभाऊ पुण्यात असतो, त्यालाही यायचे आहे. त्याने विमानाचे तिकीट आणि व्हिसा आधी पाहावा, की काँग्रेसचे तिकीट हाती येईपर्यंत थांबावे?

---

बिनतारी

इसारकाठ यांस,

मी कलोनला राहतो आणि येथील केऑस मंडळात माझे जाणे-येणे आहे, म्हणून व्हाउचरचा भाग आधी सांगतो. त्याविषयी बाहेर बराच गैरसमज आहे.

तिकिटांची विक्री दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात क्लबशी जोडलेल्या स्थानिक मंडळांना, म्हणजे निरनिराळ्या शहरांतील शाखा, ‘केऑसट्रेफ’ म्हणून ओळखले जाणारे छोटे गट आणि हॅकरस्पेस (एकत्र जमून तांत्रिक प्रयोग करण्याच्या सामायिक जागा) यांना, मोजकी व्हाउचर दिली जातात. व्हाउचर म्हणजे फुकट तिकीट नव्हे. तो तिकीट विकत घेण्याचा केवळ हक्क असतो आणि पैसे सर्वांनाच भरावे लागतात. संमेलन उभारणारे, दारावर उभे राहणारे, स्वच्छता पाहणारे जे हजारो स्वयंसेवक तिथे ‘एंजल’ म्हणवले जातात, तेही आपले तिकीट स्वतः विकत घेतात. या व्हाउचरची खरी गंमत पुढे आहे. एकाने ते वापरून तिकीट घेतले आणि त्याचे पैसे जमा झाले की त्याच्या बदल्यात एक नवे व्हाउचर तयार होते आणि ते मंडळातील पुढच्या माणसाला देता येते. विरजणासारखी ही पद्धत आहे: पहिल्या दह्यातला चमचाभर पुढच्या भांड्यात गेला नाही तर साखळी तिथेच तुटते. हा टप्पा संपेपर्यंत जितके हात फिरतील तितकी तिकिटे त्या मंडळाला मिळतात. म्हणून व्हाउचर हाती आल्यावर ‘पगार झाला की बघू’ म्हणणाऱ्या माणसावर मंडळात सगळेच चिडलेले असतात, कारण त्याच्या दिरंगाईने मागचे दोघे-तिघे उपाशी राहतात.

आता तुमच्यापुरते बोलायचे, तर म्युनिकमध्ये क्लबची जुनी शाखा आहे आणि तिच्या खुल्या संध्याकाळी कोणीही जाऊ शकतो. बर्लिन, फ्रँकफर्ट, श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, ड्रेस्डेन येथेही अशी मंडळे आहेत. तिथे जाणे, बसणे, काही काम करणे हाच व्हाउचरचा मार्ग आहे. त्याला वशिला म्हणावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. मी म्हणणार नाही.

खुल्या विक्रीविषयी थोडक्यात सांगतो. तिच्या तारखा आणि वेळा शरद ऋतूत आधी जाहीर होतात. सहसा एकाहून अधिक फेऱ्या असतात आणि त्यांच्या वेळा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे एकीच्या वेळी कामावर असलेल्याला दुसरी साधता येते. विक्री प्रीटिक्स या मुक्तस्रोत तिकीटप्रणालीवर होते. तिच्यातील एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. तिकीट टोपलीत टाकले की ते ठरावीक मिनिटांसाठी त्या माणसाच्या नावे राखून ठेवले जाते. त्या अवधीत त्याने खरेदी पूर्ण केली नाही तर ते पुन्हा विक्रीला येते. म्हणून ‘उरलेली सर्व तिकिटे सध्या राखीव आहेत’ अशा अर्थाची सूचना दिसली तर ती ‘संपली’ या सूचनेहून वेगळी समजावी आणि जागा सोडू नये. निम्मे लोक याच क्षणी निराश होऊन खिडकी बंद करतात. तिकीट मिळाल्यावर पैसे मात्र मुदतीत भरा. बँकेतून पैसे पाठवत असाल तर संदर्भक्रमांक जसाच्या तसा लिहा, नाहीतर पैसे पोहोचूनही ते कोणाचे हे यंत्राला कळत नाही.

---

तळटीप

बिनतारी यांनी सांगितलेली माहिती उपयुक्त आहे. पण ‘मी वशिला म्हणणार नाही’ एवढ्यावर विषय मिटत नाही, असे माझे मत आहे.

जी संस्था माहिती सर्वांना खुली असावी असे चार दशके सांगत आली आहे, तिच्या सर्वांत मोठ्या संमेलनाची तिकिटे आधी ओळखीपाळखीच्या लोकांत वाटली जातात आणि उरलेल्यांसाठी काही मिनिटांची धावपळ ठेवली जाते, यात विसंगती आहे. मंडळात जाऊन बसा, हे सांगायला सोपे आहे. परंतु ज्याला जर्मन नीट येत नाही, ज्याच्या घरी लहान मूल आहे, जो लहान गावात राहतो आणि जिथून जवळचे मंडळ दोन तासांवर आहे, त्याने काय करावे? ओळखीतून ओळख वाढत जाणाऱ्या साखळीत साहजिकच आधीच्या लोकांसारखेच लोक पुढे येतात. खुल्या विक्रीतही समान संधी आहे असे मला वाटत नाही. ज्याचे इंटरनेट वेगवान आहे आणि ज्याला त्या ठरावीक वेळी कार्यालयात मोकळीक आहे, तो पुढे जातो. त्यातून ही तिकिटे ज्यांना विकायची आहेत, ते लोक स्वयंचलित खरेदीची स्क्रिप्ट लिहिण्यात जगात कोणालाही हार न जाणारे आहेत!

मला सोडत हाच प्रामाणिक मार्ग वाटतो. विम्बल्डनसारखी जुनी, परंपरेला चिकटून राहणारी स्पर्धासुद्धा १९२४ पासून आपली काही तिकिटे सार्वजनिक सोडतीने देत आली आहे. अर्ज भरण्यासाठी पुरेसे दिवस द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकाव्यात. कोणी घड्याळाकडे डोळे लावून बसणार नाही आणि कोणी कोणाची मनधरणी करणार नाही.

---

घुबडवेळ

तळटीप यांचा आक्षेप रास्त आहे, परंतु त्यांनी सुचवलेला उपाय या विशिष्ट संमेलनाला लागू पडत नाही. याचे कारण तिकिटात नसून क्लबच्या स्वभावात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

विम्बल्डनची सोडत चालते, कारण तिथे अर्जदार आपल्या नावाने खाते उघडतो आणि लागलेले तिकीट दुसऱ्याला देता येत नाही. सोडत न्याय्य राहण्यासाठी ‘एक माणूस, एक चिठ्ठी’ ही अट पाळली गेली पाहिजे, आणि ती पाळायची तर माणूस ओळखावा लागतो. केऑस काँग्रेसचे तिकीट मात्र मुळात कोणाच्या नावाचे नसते. दारात ओळखपत्र मागत नाहीत. तिकिटावरील संकेत (कोड) वाचला जातो, मनगटावर पट्टी बांधली जाते आणि माणूस आत जातो. आत विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये, असाही तिथला दंडक आहे. अनावश्यक माहिती गोळाच करू नये, असे सरकारांना आणि कंपन्यांना बजावणाऱ्या संस्थेने स्वतःच्या दारात हजारो लोकांची नावे, जन्मतारखा आणि पारपत्रक्रमांक जमवावेत, हे त्या मंडळींना सहन होणार नाही, आणि मलाही होणार नाही. आता नाव न विचारता सोडत काढून पाहा. ज्याच्याकडे पन्नास ईमेल पत्ते आहेत त्याच्या पन्नास चिठ्ठ्या पडतील, आणि पन्नास पत्ते तयार करणे हे या गर्दीतील कोणालाही पाच मिनिटांचे काम आहे. शिवाय अर्ज भरायला काही पडत नाही, त्यामुळे ज्यांना ‘लागले तर जाऊ’ इतकीच इच्छा आहे तेही रांगेत येतील.

म्हणजे नाव विचारायचे नाही असे एकदा ठरवले की वाटपाची साधने फार थोडी उरतात. एक साधन म्हणजे वेग, अर्थात खुली विक्री. दुसरे म्हणजे परस्परविश्वास, अर्थात व्हाउचरची साखळी. तिसरे साधन पैसा; दर इतका चढवायचा की गर्दी आपोआप ओसरेल. व्यावसायिक परिषदा हेच करतात. क्लबने ते जाणूनबुजून टाळले आहे. साधे तिकीट खर्च भागेल अशा बेताने ठेवलेले असते, ज्याला परवडते त्याने स्वखुशीने अधिक द्यावे म्हणून वरच्या किमतीचे पर्याय असतात, आणि कंपनीच्या खर्चाने येणाऱ्यांसाठी बरेच महाग व्यावसायिक तिकीट वेगळे असते. किंमत तिप्पट केली तर धावपळ एका वर्षात संपेल, पण मग आत सुरक्षा-उत्पादने विकणारे लोक दिसतील आणि स्वतः तार ओढणारे विद्यार्थी घरी बसतील.

जागा वाढवणे हाही उपाय करून झाला आहे. १९८४ मध्ये हॅम्बर्गला सुरू झालेली ही काँग्रेस १९९८ मध्ये बर्लिनला गेली. तिथे आलेक्सांडरप्लाट्सजवळचे संमेलनगृह शेवटी अपुरे पडले. ही अडचण एव्हाना इतकी जुनी आहे की २००९ मध्येच, ज्यांना आत येता आले नाही त्यांनी आपापल्या शहरात एकत्र जमून व्याख्याने थेट पाहावीत, अशी योजना क्लबने आखली होती. २०१२ मध्ये काँग्रेस हॅम्बर्गच्या मोठ्या वास्तूत परतली. त्या वास्तूचे नूतनीकरण निघाल्यावर २०१७ ते २०१९ ती लाइपत्सिगच्या विस्तीर्ण प्रदर्शन-मैदानात भरली, आणि २०१९ मध्ये सुमारे १७,००० माणसे आली. महासाथीनंतर, २०२३ पासून, ती पुन्हा हॅम्बर्गला आहे. प्रत्येक वेळी जागा वाढली तशी मागणीही वाढली. यातली कळीची मर्यादा केवळ खुर्च्यांची नाही. नेटवर्क, टेलिफोन, दुभाषे, ध्वनिचित्रमुद्रण, प्रथमोपचार हे सगळे स्वयंसेवक पाहतात. दुप्पट माणसे घ्यायची तर दुप्पट स्वयंसेवक लागतात, आणि ते नेमके त्या मंडळांमधूनच येतात ज्यांना पहिल्या टप्प्यात व्हाउचर मिळतात. उभारणी करणाऱ्या माणसालाच तिकीट लागले नाही तर सोडतीत लागलेल्याने येऊन पाहायचे काय?

इतर संमेलनांकडे पाहिले तर असे दिसते की टंचाई कुठेच नाहीशी झालेली नाही. ती फक्त दुसऱ्या दारात जाऊन उभी राहिली आहे. लास वेगासच्या डेफकॉन या हॅकर संमेलनाने वर्षानुवर्षे आगाऊ तिकीट ठेवलेच नव्हते: नाव न सांगता दारात रोख पैसे द्यायचे आणि आत जायचे. परिणामी तिथे रांगच इतकी प्रसिद्ध झाली की लोक तिला ‘लाइनकॉन’ म्हणू लागले. ब्रसेल्सचे फॉसडेम हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवाल्यांचे संमेलन पूर्णपणे विनामूल्य आहे आणि त्याला नोंदणीही लागत नाही. तिथे विद्यापीठाच्या आवारात कोणीही शिरतो, पण हव्या त्या व्याख्यानाच्या खोलीवर ‘खोली भरली आहे’ अशी पाटी लागलेली असते आणि आधीच्या व्याख्यानापासून ठाण मांडून बसलेल्यांनाच जागा मिळते. वॉशिंग्टनच्या श्मूकॉन या हॅकर संमेलनाने आकार मुद्दाम लहान ठेवला. त्याची तिकिटे तीन फेऱ्यांत निघत आणि प्रत्येक फेरी काही सेकंदांत आटोपत असे. वीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांनी शेवटचे संमेलन घेऊन कारभार आवरता घेतला.

बाहेरच्या माणसाची, विशेषतः परदेशी माणसाची, अडचण होते हे तळटीप यांचे म्हणणे मी खोडून काढत नाही. पण तो युक्तिवाद खुल्या विक्रीचा वाटा वाढवण्याच्या बाजूने जातो, सोडतीच्या बाजूने नव्हे.

---

तळटीप

घुबडवेळ यांचा नावाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. निनावी सोडत टिकणार नाही. ‘विश्वास’ हा शब्द मात्र मी इतक्या सहजासहजी स्वीकारणार नाही. आतल्या माणसाला जो विश्वास वाटतो, तो बाहेर उभ्या असलेल्याला बंद दारासारखाच दिसतो, आणि कोणत्या मंडळाला किती व्हाउचर मिळाली हे त्याला कधी कळत नाही. निदान पहिल्या टप्प्यात किती तिकिटे गेली आणि खुल्या विक्रीत किती उरली, हे आकडे दरवर्षी ठळकपणे प्रसिद्ध केले तर शंकेला जागा राहणार नाही. त्यात कोणाचेच नाव उघड होत नाही.

---

मुठाकाठी

मूळ प्रश्नातील मावसभावाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. शेंगेन व्हिसाच्या अर्जांची कागदपत्रे पाहण्याचे काम मी काही काळ केले आहे.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो. निर्णयाला सर्वसाधारणपणे पंधरा दिवस लागतात, पण काही प्रकरणांत पंचेचाळीस दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. शिवाय नाताळच्या हंगामात अर्जकेंद्रातील भेटीची वेळ मिळणे हीच मोठी अडचण असते. काँग्रेसच्या तिकिटांची विक्री शरद ऋतूत होत असल्याने, तिकीट हाती येईपर्यंत थांबून मग अर्ज करायचा म्हटले तर वेळ अपुरा पडण्याची दाट शक्यता आहे. माझा सल्ला असा की त्याने प्रवासाचा मुख्य हेतू म्युनिकच्या नातेवाइकाची भेट असाच ठेवावा, कारण तो खरा आहे, आणि इसारकाठ यांनी रीतसर निमंत्रणपत्र पाठवावे. काँग्रेसला जायचा बेतही अर्जात लपवू नये. मात्र सगळा अर्ज त्यावर उभा करू नये. ज्या तिकिटावर नावच नाही ते व्हिसा अधिकाऱ्याला फारसे काही सांगत नाही. विमानाचे आरक्षण रद्द करता येईल असेच घ्यावे. तिकीट नाहीच मिळाले तरी भावाची भेट होईल आणि व्याख्याने दोघांना घरबसल्या थेट पाहता येतील. बहुतेक सर्व व्याख्याने थेट प्रक्षेपित होतात आणि पुढे क्लबच्या संकेतस्थळावर विनामूल्य राहतात.

आता एक इशारा. विक्री संपल्यावर निरनिराळ्या गटांत ‘माझ्याकडे एक जादा तिकीट आहे’ असे संदेश फिरू लागतात. त्यातील काही खरे असतात, कारण आजारपण वा अडचण कोणालाही येते. परंतु तिकीट म्हणजे शेवटी एक पीडीएफ फाइल असते आणि तीच फाइल दहा जणांना विकता येते. दारात जो पहिला पोहोचेल त्याचाच संकेत चालतो, उरलेल्या नऊ जणांना ‘हे तिकीट आधीच वापरले गेले आहे’ असे सांगितले जाते, आणि नाव नसल्यामुळे आपले तिकीट खरे होते हे सिद्ध करण्याचा मार्गही राहत नाही. म्हणून मूळ किमतीहून एक युरोही जास्त मागणाऱ्याशी व्यवहार करू नये. मूळ किमतीला देणाऱ्याकडूनही, तो ओळखीचा असेल तरच घ्यावे.

मावसभावाला केवळ या जगाची ओळख करून घ्यायची असेल तर हॅम्बर्गपर्यंत जाण्याचीही गरज नाही. संगणक-सुरक्षेत रस असणाऱ्यांच्या ‘नल’ या समुदायाच्या पुणे आणि मुंबई येथील बैठका विनामूल्य असतात, आणि याच समुदायातून उभी राहिलेली नलकॉन ही परिषद २०१० पासून गोव्यात भरत आली आहे. तिचा बाज व्यावसायिक आहे आणि तिकीटही त्याच हिशेबाने असते, पण ते मिळवण्यासाठी घड्याळाशी शर्यत लावावी लागत नाही.

---

इसारकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घुबडवेळ आणि तळटीप यांच्या वादातून माझ्या प्रश्नाचे उत्तर मला वेगळ्या प्रकारे मिळाले: व्हाउचरची साखळी काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि मी अद्याप तिथे कोणतेही काम केलेले नाही. तेव्हा यंदा खुल्या विक्रीच्या प्रत्येक फेरीत प्रयत्न करीन, आणि त्याचबरोबर म्युनिकच्या मंडळातही जाऊ लागेन. मावसभावाला निमंत्रणपत्र या आठवड्यातच पाठवतो.

एक शेवटची शंका आहे. माझे जर्मन बाजारहाट करण्यापुरते आहे. तिथल्या खुल्या संध्याकाळी एवढ्यावर निभाव लागेल का? आणि रिकाम्या हाताने गेले तर चालते का?

---

बिनतारी

भाषेची काळजी करू नका. या मंडळांत इंग्रजी सर्रास चालते आणि काँग्रेसमधील व्याख्यानांनाही इंग्रजी व जर्मन या दोन्ही भाषांत थेट दुभाषे असतात. रिकाम्या हाताने जरूर जाता येते, परंतु तुम्ही एम्बेडेडवाले आहात, तर एखादे अर्धवट राहिलेले सर्किट बरोबर घेऊन जा. टेबलावर डाखणी (सोल्डरिंग आयर्न) आणि कथील असतेच, आणि उघडे सर्किट दिसले की शेजारचा माणूस आपणहून विचारतो की हे काय चालले आहे. जाण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर खुल्या संध्याकाळचा वार तपासून घ्या, कारण इतर दिवशी दार उघडे असेलच असे नाही.

तिकिटांच्या हंगामात, ऐन ऑक्टोबरमध्ये, पहिल्यांदा उगवणारे चेहरे त्यांना दरवर्षी दिसतात. म्हणून हंगामाची वाट न पाहता येत्या आठवड्यातच जा. कार्ल्सरूह येथील मंडळाची गुलाश-प्रोग्रामिंग-रात्र आणि ईस्टरच्या सुट्टीत भरणारे ईस्टरहेग ही लहान संमेलने आहेत. म्युनिकची मंडळी त्यांना जात असतील तर त्यांच्याबरोबर एंजल म्हणून नाव नोंदवा. केबल गुंडाळण्याच्या पाळीला माणूस नेहमीच कमी पडतो.